सरकारी भिंतीवरची जैनबचाची

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं विचाराल तर अजूनही नाही. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरचीसुद्धा लागली नाही. वडील आर्णीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की ते आधी थर्मामीटर शोधायचे. त्यामुळे इथले बाकीचे भुताखेतांचे अनुभव वाचताना मी बहुतेक वेळा हसते... राग मानू नका. पण नात मागे लागली, "आजी, चाचीची गोष्ट टाक ना, मी टाइप करून देते", म्हणून सांगतेय. ह्यात भूत नाही, अमावस्या नाही, पडकी विहीर नाही. जे झालं ते सगळं दिवसाढवळ्या, आणि बरंचसं तर सरकारी कामकाजाच्या वेळात!

आर्णीत अरुणावती नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं घर आणि भिंतीला भिंत लागून युसूफ पेंटरचं. युसूफचाचा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, पोळ्याला लोकांच्या बैलांची शिंगं रंगवून द्यायचे. पण मनापासून चित्र काढायला बसले की जेवणखाण विसरायचे. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी बायकोचं, म्हणजे आमच्या जैनबचाचीचं, एक मोठं ऑइल पेंटिंग केलं. दारात बसून ज्वारी पाखडता पाखडता तिनं मान वर केलीय आणि ती सरळ तुमच्याकडे बघतेय. ओठ मिटलेले, पण आता हसेल असं वाटतं. इंग्रजांच्या काळची गोष्ट ही. दौऱ्यावर आलेल्या कुणा साहेबाला ते चित्र फार आवडलं. सरकारनं ते रीतसर विकत घेतलं आणि यवतमाळच्या एका कचेरीत लावलं. (कुठली कचेरी ते सांगत नाही.) चाचीची सासू खवळली, "घरची सून परक्या माणसांसमोर टांगली?" चाचांनी शांतपणे ठोकून दिलं, "अम्मी, ही ख्यालातली बाई आहे, खरी नाही." सासूनं विश्वास ठेवला. गल्लीतल्या बायका मात्र पदर तोंडाला लावून हसायच्या.

चाचा लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. मी अर्धी तिच्याच चुलीपाशी वाढले. पुढे चाचीच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. बाबांनी नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं, पण उशीर झाला होता. माझ्या लग्नात ती मांडवात बसून होती ती नुसत्या आवाजांवर. तिला उजेड-अंधारसुद्धा कळत नव्हता.

माझं लग्न १९५६ च्या उन्हाळ्यात झालं. नवरा यवतमाळला त्याच कचेरीत नाझर. नाझर म्हणजे कचेरीतलं टेबल, खुर्ची, घड्याळ, जे जे सरकारचं ते त्याच्या ताब्यात. हरवलं तर उत्तर त्यानं द्यायचं. मी पहिल्यांदा यांचा डबा घेऊन गेले आणि यांच्या टेबलासमोरच्या भिंतीकडे बघून ओरडलेच, "अहो, ही आमची चाची!"

"चाची आर्णीत," हे म्हणाले. "ही सरकारची. डेड स्टॉकच्या रजिस्टरात नोंद आहे."

हे असेच होते. बोलायचे कोरडं आणि हसायचे गालातल्या गालात.

नागपंचमीला मी माहेरी गेले. चाचीच्या ओट्यावर बसले, तिनं माझा चेहरा हातांनी चाचपला आणि एकदम म्हणाली,

"जवाईबुवा चांगले हायत वं सुमी. खारीले पोळी देतात."

"कोणत्या खारीला?"

"खिडकीत येते थे. हे डबा उघडतात, आधी तुकडा खारीले, मंग आपण. अन् कोनी आलं की झटकन कागद पाहाले लागतात."

मी म्हटलं, म्हातारी काहीतरी बडबडतेय. पण यवतमाळला परतल्यावर सहज विचारलं, "कचेरीत खारीला पोळी घालता का हो?" तर यांचे कान लाल! "तुला कुणी सांगितलं? शिपायाला पण माहीत नाही..."

पुढच्या खेपेला मी चाचीला खोदून विचारलं. आधी ती टाळत होती, मग हळूच म्हणाली, "कोनाले सांगू नको. लोक म्हनतीन बुढी पागल झाली. डोये पुरे गेले ना, त्याच्यानंतर एक दिवस अचानक उजेड झाला. समोर पाह्यलं तं टेबल, खुर्ची, घड्याय. आपलं घर नाही. मी घाबरली. मंग हळूहळू समजलं... तुह्या चाचानं जथी बसवलं, तथून दिसून राह्यलं मले."

मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आर्णी-यवतमाळ मोटारी चालतात. कुणीतरी येऊन सांगत असेल. तू असं काहीतरी कर जे दुसरं कुणी बघणार नाही."

म्हणून मी एका दुपारी, हे साहेबांकडे गेलेले बघून, चित्रासमोर उभी राहिले आणि जीभ बाहेर काढली. चांगली लांब. मग इकडेतिकडे बघून घरी आले. ह्याची वाच्यता यांच्याजवळसुद्धा केली नाही. आर्णीला गेल्यावर चाचीच्या समोर बसते न बसते तोच ती म्हणाली,

"काहून वं, माह्यासमोर जीभ काढून कायले उभी होती? शरम नाही वाटत? नाझरीणबाई झाली नं आता!"

बाबा म्हणाले, "एकदा योगायोग होऊ शकतो. परत कर." दुसऱ्या वेळी मी बाजाराच्या पिशवीतून एक वांगं काढून चित्रापुढे धरलं. चाचीचं उत्तर होतं, "वांगं नुसतं दाखवाले आनलं? भाजी करून तं आनाची होती." त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही. एवढंच झालं की चाचीच्या ओट्यावरून जाताना ते चप्पल काढून हातात घ्यायला लागले. का, ते त्यांनाच माहीत.

त्या नोव्हेंबरात विदर्भ मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कचेरीत नुसती धांदल. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, नवे साहेब आले, खोल्यांना चुना लागला. मोडकं सामान लिलावात काढलं. हे तेव्हा तापानं घरी पडून होते. बरे होऊन कामावर गेले तर समोरची भिंत पांढरीफटक, आणि चित्र कुठंच नाही.

चुना लावणाऱ्यांनी उतरवून ठेवलं होतं म्हणे. कुठं, ते कुणालाच आठवेना. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "ही जनतेची मालमत्ता आहे, ताबा तुमचा आहे. चित्र हजर करा, नाहीतर मला वर कळवावं लागेल." वर कळवणं म्हणजे निलंबन, कदाचित पोलीस चौकशीही. यांनी जेवण सोडलं. मला म्हणायचे, "चोर म्हणतील गं लोक. नाझरानंच विकलं म्हणतील."

मी सकाळच्या मोटारीनं आर्णी गाठली. चाची खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"चाची..."

"आली का? अंधार झाला वं बेटी. गच्च अंधार. मले वाटलं, आता हेबी गेलं."

"काहीच दिसत नाही? नीट बघ."

ती उठून बसली. आंधळे डोळे मिटून घेतले, जणू त्यानं नीट दिसणार होतं. "एक फट हाय. उभी. फटीतून पांढरं पांढरं उडून राह्यलं... बाया हायत, तोंडाले फडके बांधले. एक पट्टा गरगर फिरते. अन् भायेर हौद हाय. त्याच्या काठावर शेंदराचा गोटा, बैल पानी पेऊन राह्यले."

मी उलट पावली निघाले. यांना सांगितलं, "चित्र कुठल्यातरी जिनिंगमध्ये आहे. कापूस उडतोय, अंगणात हौद आहे, काठावर शेंदूर लावलेला दगड."

हे म्हणाले, "तुला कसं कळलं?"

"चाची म्हणाली."

"आंधळी चाची?"

"अहो, खारीचं कुणी सांगितलं होतं?"

यांनी टोपी घातली, सायकल काढली. यवतमाळात तेव्हा कापसातली सरकी काढायचे असे जिनिंगचे कारखाने पुष्कळ. संध्याकाळच्या आत परत आले आणि दारातच बसले. हसताहेत की रडताहेत कळेना. सापडलं होतं! दार निखळलेलं एक मोठं कपाट लिलावात गेलं होतं. चुना लावताना चित्र कुणीतरी जपून त्यात उभं करून ठेवलेलं, ते कपाटासकट जिनिंगमध्ये पोचलं. दार लागत नव्हतं. मधे फट. फटीतून सगळं तसंच दिसत होतं, हौदसुद्धा.

पण एवढ्यावर संपलं नाही. जिनिंगच्या मालकाला चित्र भलतंच आवडलं, त्यानं ते तिथल्या भिंतीला टांगूनही टाकलं. त्याचा मुनीम म्हणाला, "कपाट आम्ही लिलावात घेतलं. आतलं जे असेल ते आमचं." यांनी उत्तर दिलं, "लिलाव कपाटाचा झाला, चित्राचा नाही. आत एखादा माणूस झोपला असता तर तोही तुमचाच का?" प्रकरण साहेबांपुढे गेलं. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. सरकारी वस्तू हुकुमाशिवाय विकली जात नाही. चुकून उचलली गेली म्हणून मालक बदलत नाही. चित्र परत आलं. ह्या सगळ्यात आठवडे गेले, पण चाचीची तक्रार नव्हती. म्हणाली, "जिनातल्या बाया मस्त होत्या वं. काम कमी, हासनं जास्त. एक तं रोज माह्याकडे पाहून केस नीट करे."

साहेब माणूस भला होता. त्यांनी यांना विचारलं, "शोधलंत कसं?" हे म्हणाले, "घरच्यांनी तपास केला." तेव्हा बोलता बोलता चित्रकाराची बायको हयात असल्याचं निघालं. साहेब म्हणाले, "मालकी सरकारचीच राहील. पण कचेरीत आता जागा नाही, आणि पुन्हा असं नको व्हायला. त्या बाईंच्या सुपुर्दगीत देऊ. त्यांनी सांभाळायचं, सरकारनं मागितलं की हजर करायचं. सुपुर्दनाम्यावर अंगठा घ्या."

मला आभाळ ठेंगणं झालं. चाचीचं चित्र चाचीच्या घरी! मोटारीच्या टपावर चादरीत गुंडाळून आम्ही दोघं ते आर्णीला घेऊन गेलो. आई-बाबा आले, अर्धी गल्ली जमली. चाचीला खाटेवर बसवलं, चित्र समोर भिंतीला टेकवलं आणि मी चादर ओढली.

चाची दचकली. पुढे वाकली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली,

"हे बुढी कोन व्हय वं?"

चित्रातून तिला समोर तीच दिसणार, हा विचार मी केलाच नव्हता. तिनं आपला चेहरा शेवटचा पाहिला होता तेव्हा केस काळे होते. आता तिनं हात वर नेला, गालावरून फिरवला, आणि समोरच्या म्हातारीनंही तसंच केलं असणार... कारण चाची एकदम हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"माय वं, हे तं माही सासू! हुबेहूब! जिंदगीभर भांडली तिच्याशी, अन् शेवटी तिचंच तोंड घेऊन बसली मी."

मग म्हणाली, "फिरव, फिरव तिकडे. तुही आई कोठी हाय?" आम्ही चित्र उचलून आईकडे वळवलं. चाची आईला कितीतरी वर्षांनी बघत होती. "किती वाळली वं तू. पोरगी गेल्यापासून जेवत नाही काय?" आईनं जे रडायला सुरुवात केली ते थांबेचना. त्या दिवशी यांनी आणि बाबांनी ते भलंमोठं चित्र हातांवर घेऊन सगळं घर फिरवलं. अंगण, शेवग्याचं झाड, चाचांची रंगाची पेटी, मागच्या दारातून दिसणारी नदी. चाची खाटेवरून हुकूम सोडत होती, "थोडं खाली... आता डावीकडे... हं, थांबा." हे घामाघूम झाले होते, पण असं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं.

संध्याकाळी यांनी सुपुर्दनामा काढला, शाईचा पॅड पुढे केला. चाचीनं हात मागे घेतला.

"नाही जवाईबुवा. घेऊन जा इले."

"चाची, अगं एवढं भांडून..." मला रडूच आलं.

"तू रागावू नको बेटी. पन सांग, घरी ठेवून मी काय पाहू? हेच चार भिंती, अन् माहंच तोंड? चाचा म्हने, चांगली तस्वीर घरात नाही ठेवाची, चार लोकाईत ठेवाची. सरकारची हाय, सरकारजवळच राहू द्या. फक्त कचेरीत नोका टांगू. तथी नुसते कागद. जथी बाया येतात, लेकरं येतात, तथी टांगा."

यांनी पॅड बंद केला. मग म्हणाले, "दवाखाना चालेल?"

सरकारी इमारतीतून सरकारी इमारतीत, मालक तोच, फक्त ताबा बदलायचा. साहेबांनी सही केली. चित्र सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात लागलं. नर्सबाई नव्या बाळांना सकाळच्या उन्हात तिथंच घेऊन बसायच्या.

पुढची सगळी वर्षं चाचीचा ओटा कधी रिकामा राहिला नाही. ज्यांच्या लेकी-सुना यवतमाळला बाळंतपणाला गेलेल्या त्या बाया, हिंदू काय, मुसलमान काय, तांड्यावरच्या बंजारणी काय, चाचीजवळ येऊन बसायच्या. "चाची, माह्या पोरीचं काही दिसलं?" ती सांगायची, "गोरं पोट्टं हाय, नाक तुह्या नवऱ्यावर गेलं." बहुतेक लोकांना वाटायचं, म्हातारी अंदाजानं सांगते, मन राखते. मला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की कधी कधी ती म्हणायची, "आज झोप लागली मले, काई पाह्यलं नाही." त्या दिवशी ती जेवायची नाही.

१९६१ साली माझी वेळ आली. बाळंतपण आर्णीलाच व्हायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आधीच यवतमाळला त्रास सुरू झाला. यांनी तसंच दवाखान्यात नेलं. फार अवघड गेलं. दोन्ही जिवांची खात्री नाही असं डॉक्टरीणबाई यांना म्हणाल्या होत्या, ते मला नंतर कळलं. पहाटे मुलगी झाली. मी ग्लानीत होते. हे व्हरांड्यात बाळ बघून आले ते माझ्या उशाशीच बसून होते, आर्णीला कळवायचं भानही त्यांना राहिलं नव्हतं.

सकाळच्या पहिल्या मोटारीनं आई हजर! हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळाची दुपटी, सगळं. मी डोळे उघडले तर आई.

"तुला कुणी कळवलं?"

"चाचीनं. उजाडता उजाडता भिंतीवर थापा मारायला लागली. म्हणाली, 'माय, ऊठ, सुमीले पोट्टी झाली. सिस्टरनं आताच मले दाखवली. सुमी नाही दिसली, पन जवाई हासून राह्यले, म्हनजे तेबी बरी हाय.'" आई बोलता बोलता बाळाकडे वाकली. "आणखी म्हणाली, डाव्या कानामागं तीळ आहे, पोरीचा कान हळूच मुडपून बघा."

मी तोवर पोरीला धड पाहिलंसुद्धा नव्हतं. यांनी बोटाच्या टोकानं तो इवलासा कान पुढे केला. तीळ होता. ज्वारीच्या कणीएवढा.

हे उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. दार उघडं होतं, मला खाटेवरून दिसत होतं. सरकारी नोकरीतला तो कोरडा माणूस चित्रासमोर उभा राहिला आणि त्यानं वाकून नमस्कार केला.

नाव काय ठेवायचं ह्यावर आमच्यात चर्चाच झाली नाही. जैनब नाही ठेवता आलं, पण 'जयू' ठेवलं.

सव्वा महिन्यानं मी पोरीला घेऊन आर्णीला गेले. चाचीनं तिला मांडीवर घेतलं आणि ती काहीतरी गुणगुणायला लागली. तेव्हा मी धीर करून विचारलं. इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं.

"चाची, खरं सांग. हे होतं कसं? तुला दिसतं म्हणजे कसं दिसतं?"

तिनं मान वर केली. आंधळे डोळे माझ्या जरा बाजूला रोखलेले.

"मले काय मालूम बेटी? तुले दिसते ना, तसंच. तुले कसं दिसते, थे सांग बरं मले."

मी तोंड उघडलं, पण मला सांगता येईना. चाची वाट बघत थांबली, मग हसली आणि पोरीला जोजवायला लागली.

चाची जाऊनही आता जमाना झाला. हे गेले. दवाखान्याची ती जुनी इमारत राहिली नाही, चित्र पुढे कुठं नेलं ते मला कळू शकलं नाही. कुठल्यातरी सरकारी भिंतीवर असेल. जयूला आता नातवंडं आहेत. ही टाइप करणारी तिचीच लेक, डॉक्टर आहे, डोळ्यांचीच. आत्ता लिहिता लिहिता मी तिला विचारलं, हे कसं झालं असेल गं? तिनं बोटं थांबवली... आणि म्हणाली, "आजी, पुढं काय लिहू?"